परिवीक्षाकाळातील नवा गुन्हा (मद्यपान करून वाहन चालवणे, अमेरिका)

मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीला अमेरिकेत न्यायालय बहुधा काही अटींवर परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर ठेवते. नवा गुन्हा न करणे ही त्यांतील मुख्य अट असते. ती मोडली, तर एकाच कृत्यातून दोन स्वतंत्र कार्यवाही सुरू होतात : नव्या गुन्ह्याचा खटला आणि जुनी परिवीक्षा रद्द करण्याबाबतची सुनावणी. आरोपीचे सारे लक्ष पहिलीकडे लागते. प्रत्यक्षात दुसरी अधिक जोखमीची असते.

खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो आणि गंभीर आरोपांसाठी ज्यूरी मागता येते. परिवीक्षेच्या सुनावणीत ज्यूरी नसते, आणि बहुतेक ठिकाणी अटीचा भंग न होण्यापेक्षा होण्याची शक्यता अधिक दिसली, तरी तेवढे पुरते. त्यामुळे नव्या खटल्यात निर्दोष सुटलेल्या व्यक्तीचीही परिवीक्षा त्याच घटनेवरून रद्द होऊ शकते. ही सुनावणी मात्र मनमानी असू शकत नाही. आरोपांची लेखी सूचना, आपली बाजू मांडण्याची संधी आणि तटस्थ निर्णयकर्ता हे किमान हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली या खटल्यात मान्य केले. केवळ दंड भरता न आल्यास ऐपत तपासल्याशिवाय तुरुंगात पाठवता येत नाही, असे १९८३ च्या बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या निकालाने ठरवले. नवा गुन्हा करणाऱ्याला त्या निकालाचा आधार मिळत नाही.

शिक्षा किती होईल, हे मूळ आदेशावर अवलंबून असते. शिक्षा सुनावून केवळ तिची अंमलबजावणी थांबवली असेल, तर तीच लागू होते. शिक्षा सुनावणेच लांबणीवर टाकले असेल, तर न्यायाधीश मूळ गुन्ह्याच्या कमाल मर्यादेपर्यंत जाऊ शकतात. गुन्हा किरकोळ असल्यास परिवीक्षा अधिक कडक अटींवर पुन्हा चालू ठेवण्याचाही त्यांना अधिकार असतो.

नवा गुन्हाही मद्यपान करून वाहन चालवण्याचाच असेल, तर परिणाम फार कठोर होतात. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण प्रौढ चालकासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०८ टक्के आहे. अशा परिवीक्षेवरील चालकाला मात्र ०.०१ टक्का मद्यार्क असतानाही वाहन चालवता येत नाही. तेथे १० वर्षांतील आधीच्या दोषसिद्धी मोजून शिक्षा वाढते आणि चौथा गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, म्हणून चालवता येतो. अपघातात कोणाचा जीव गेला, तर १९८१ च्या वॉटसन खटल्यापासून खुनाचा आरोपही ठेवता येतो, आणि धोक्याची पूर्वकल्पना आरोपीला होती हे दाखवण्यासाठी जुन्या शिक्षेच्या वेळी दिलेली ताकीद पुरावा म्हणून पुढे येते.

दोन्ही कार्यवाहींचा क्रमही महत्त्वाचा असतो. परिवीक्षेच्या सुनावणीतील आरोपीची साक्ष पुढील खटल्यात त्याच्याविरुद्ध थेट पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कोलमन खटल्यात ठरवले. पण असे संरक्षण प्रत्येक राज्यात नाही, म्हणून खटल्याचा निकाल आधी लागू द्यावा, अशी विनंती बचाव पक्षाचे वकील अनेकदा करतात.