मोडेम ओरडतोय का, ते आधी बघा

रविवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला की ती मला छान दिसायची, ऐकू यायची. तिला मात्र मी तोंड उघडं टाकून गोठलेली दिसायचे. “झालीस का पुन्हा पुतळा?” असं ती डोंबिवलीहून विचारायची आणि मी इथे न्यू जर्सीत राउटर बंद-चालू करत बसायचे. दोन महिन्यांत राउटरची जागा तीनदा बदलली, एक नवाही आणला. निदान तर आईने केव्हाच करून ठेवलं होतं: तिच्याकडून येणारं सगळं पोचत होतं, माझ्याकडून जाणारं अडत होतं.

आमच्या घरात इंटरनेट येतं ते केबल टीव्हीच्या काळ्या कोॲक्सियल वायरने. ही वायर कापून बघण्यासारखी असते. मधोमध एकच जाड तार, भोवती पांढरा फोम, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मग बारीक तारांची जाळी आणि सगळ्यांवर प्लास्टिकचं आवरण. अशा रचनेचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली घेतलं. मधली तार तांब्याची दिसते, पण घरगुती वायरीत ती बहुधा पोलादी असते, वरून नुसता तांब्याचा मुलामा. ही फसवणूक नव्हे. इतक्या वेगाने दिशा बदलणारा प्रवाह धातूच्या पोटात शिरतच नाही, कातडीवरूनच धावतो. १०० मेगाहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला दहा कोटी हेलकाव्यांना) ती कातडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजली तर जेमतेम सहा-सात भरते. पोलाद फक्त ताठपणासाठी.

जाळी आणि पत्रा म्हणजे कुंपण. आतला सिग्नल बाहेर सांडू नये, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये. धडधाकट वायर सहसा दगा देत नाही; दगा देतात ते सांधे.

या एकाच वायरीतून दोन्ही दिशांची वाहतूक चालते. पारंपरिक व्यवस्थेत घराकडे येणारी माहिती ५४ मेगाहर्ट्झच्या वर असते आणि घरून जाणारी ५ ते ४२ मेगाहर्ट्झच्या अरुंद बोळातून. आता गंमत अशी, की किती जोरात बोलायचं हे आपला मोडेम, म्हणजे ही वायर ज्या डब्यात येऊन संपते तो, स्वतः ठरवत नाही. कंपनीकडचं यंत्र गल्लीतल्या सगळ्या घरांचं ऐकत असतं आणि ज्याचा आवाज बारीक येतो त्याला सांगतं, “जरा मोठ्याने.” वाटेत अडथळे जितके जास्त, तितकं मोडेमला जास्त ओरडावं लागतं. घसा सगळ्यांना सारखाच. मर्यादा गाठली की पुढे शब्द गळू लागतात.

हा घसा किती ताणलाय ते बघता येतं. बऱ्याचशा केबल मोडेममध्ये ब्राउझरवर १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की एक रुक्ष पान उघडतं. त्यात ‘अपस्ट्रीम पॉवर’, म्हणजे घरून जाणाऱ्या सिग्नलचा जोर, शोधा. आकडा डीबीएमव्ही या एककात असतो, म्हणजे सिग्नलचा जोर डेसिबलमध्ये. ३५ ते ४८ असेल तर निवांत. पन्नाशीला टेकला की समजा, मोडेमच्या मानेच्या शिरा फुगल्यात. माझा होता ५१. येणाऱ्या बाजूचा आकडा उणे ९. फार चांगला नव्हे (उणे ७ ते अधिक ७ असावा), पण चालण्याजोगा. म्हणून आई दिसत होती!

मग तळघरात उतरले. घर १९८० च्या दशकातलं, खोलीखोलीत टीव्ही असावा अशा हौसेने वायरी खेळवलेल्या. छताला एक चारतोंडी स्प्लिटर, त्याच्या एका तोंडातून निघालेली वायर दुसऱ्या चारतोंडी स्प्लिटरमध्ये, आणि त्याच्यापुढे कुठेतरी माझा मोडेम. उरलेल्या सहा वायरी भिंतींत जाऊन संपलेल्या, टोकाला काहीही नाही.

स्प्लिटर म्हणजे पाण्याच्या नळाला फाटे फोडणं. चार फाट्यांचा स्प्लिटर सुमारे ७ डेसिबल खातो, म्हणजे एक पंचमांश ताकद उरते. एकापुढे एक दोन लावले की पंचविसावा भाग. हा कर जाताना आणि येताना, दोन्हीकडे लागतो. त्यात मोकळी टोकं. ही वायर ७५ ओहमची. टोकाशी तेवढाच रोध नसेल तर लाट आपटून माघारी फिरते आणि मूळ सिग्नलवर स्वतःचीच सावली पाडते. मोकळं तोंड ठेवायचंच असेल तर त्याला ७५ ओहमचं टोपण लावावं.

मी दोन्ही स्प्लिटर काढले. आत येणारी वायर आणि मोडेमकडे जाणारी वायर एका छोट्या जोडाने सरळ जोडली, ११ मिलिमीटरच्या पान्याने बेताची आवळली. अर्थिंगची तार जिथे बसवली आहे त्या ठोकळ्याला मात्र हात लावला नाही. तो विजेपासून घर वाचवतो. पुन्हा ते पान उघडलं. दोन स्प्लिटरचे सात-सात गेले: ५१ वजा १४, बरोब्बर ३७. उणे ९ चे अधिक ५.

पुढच्या रविवारी आई म्हणाली, “आता नीट दिसतेस. केस केव्हा पांढरे झाले गं?”

तीन आठवड्यांनी मोठा पाऊस झाला आणि आकडा ४६ वर चढला. या वेळी दुखणं घराबाहेर, कंपनीच्या डब्यात होतं, म्हणून फोन केला. आलेल्या माणसाने कनेक्टर उघडून दाखवला: जाळीवर पांढरी भुकटी, मधल्या तारेला हिरवट थर. पाणी जाळीच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीसारखं आत चढतं. शिवाय असं गंजलेलं कुंपण बाहेरचा गोंगाट आत घेतं, आणि परतीच्या बोळात सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होतो, त्यामुळे एकाच्या सांध्याचा ताप आख्ख्या गल्लीला. त्याने चांगली वीतभर वायर कापून टाकली, नवा कनेक्टर दाबून बसवला, आणि डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल.

त्यानंतरच्या पावसात ३७ चे ३८ झाले, तेवढंच.