गाडीची किल्ली हरवली की नक्की काय हरवतं?

गेल्या डिसेंबरात हर्णैच्या किनाऱ्यावर माझ्या गाडीची किल्ली हरवली. खिशात होती, पोरांबरोबर वाळूत किल्ला बांधत बसलो, संध्याकाळी गाडीपाशी आलो तर खिसा रिकामा. मोबाईलच्या टॉर्चवर वाळू चाळून काढली पण तोवर भरती आलेली, काय सापडणार. शेवटी पुण्याला फोन केला, धाकट्या भावाने घरातली दुसरी किल्ली घेऊन पहाटेची दापोली एसटी पकडली, तिथून रिक्षा करून तो दुपारी पोचला तेव्हा कुठे गाडी हलली.

घरी आल्यावर डोक्यात एकच की आता एकच किल्ली उरलीय, लगेच दुसरी करून घ्यायची, म्हणून पेठेतल्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने मशीनच्या एका पकडीत माझी किल्ली बसवली, दुसऱ्या पकडीत कोरी, आणि पाच मिनिटांत हुबेहूब दात पाडून दिले. दार उघडलं, इग्निशन फिरलं, इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदात गचकन बंद, मीटरमध्ये किल्लीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चावीवाला म्हणाला, "दादा, ही दारापुरती. गाडीला चिप लागते." मग त्याने जे करून दाखवलं ते मी विसरणार नाही. नवी किल्ली इग्निशनमध्ये तशीच ठेवली, जुन्या किल्लीचं काळं डोकं तिच्या शेजारी धरलं आणि स्टार्टर मारला. गाडी मस्त चालू! दात नव्या किल्लीचे, ओळख जुन्या किल्लीची.

हे कसं होतं ते खरंच भारी आहे. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी किंवा काळी चपटी वडी असते, तिच्यात एक चिप आणि बारीक तारेचं वेटोळं. हिला बॅटरी लागत नाही, रिमोटची बॅटरी संपली तरी ही चालतेच. वीज मिळते गाडीकडून, इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते, तिच्यातून सेकंदाला साधारण सव्वा लाख वेळा पुढे-मागे होणारा करंट जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे किल्लीतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. इंडक्शन शेगडीवर पातेलं गरम होतं ना, तत्त्व तेच, फक्त इथे ताकद अगदी थोडी आणि पल्ला काही सेंटिमीटरचा.

चिप जागी झाली की गाडी तिला एक आकडा पाठवते, दर वेळी वेगळा. चिप तो आकडा घेऊन आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याबरोबर गणित करते आणि उत्तर परत पाठवते, गाडीनेही तेच गणित केलेलं असतं, उत्तर जुळलं तर पेट्रोल आणि स्पार्क चालू राहतो नाहीतर बंद. यातली हुशारी अशी की गुप्त आकडा हवेतून कधी जातच नाही, त्यामुळे कोणी बाजूला उभं राहून ऐकलं तरी त्याच्या हाती फक्त एकदाचा प्रश्न आणि एकदाचं उत्तर लागतं. या सगळ्या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात, मारुतीवाले त्यालाच आयकॅट्स म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या कारना हा सक्तीचा झाला, कॅनडात २००७ पासून.

पण गणित तकलादू असेल तर उपयोग नाही. सुरुवातीच्या एका लोकप्रिय चिपमधला गुप्त आकडा ४० बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ४० अंकांचा होता, त्यातून साधारण १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सोळा चिपांचं एक यंत्र बनवून तो तासाभरात शोधून दाखवला.

दार उघडायचं बटण ही वेगळी गोष्ट आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो छोटा रेडिओ आहे, आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारा, आणि त्याला नाण्यासारखी बॅटरी लागते. तिच्यावरचा २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. १९८२ मध्ये रेनॉच्या फ्वेगो गाडीत पहिल्यांदा रिमोट आला तेव्हाचे रिमोट साधे होते, पुढे चोर सिग्नल रेकॉर्ड करून परत वाजवायला लागले म्हणून बदलता कोड आला. प्रत्येक वेळी बटण दाबलं की किल्लीतला काउंटर एकाने पुढे जातो आणि नवा कोड निघतो, गाडी मागचा कोड पुन्हा घेत नाही. मग घरात पोराने खेळताना वीस वेळा बटण दाबलं तर? कीलॉक नावाची जी पद्धत खूप चालली तिच्यात गाडी पुढच्या सोळा कोडपर्यंत सरळ स्वीकारते, त्याच्याही पुढे गेलं असेल तर लागोपाठ दोनदा बटण दाबायचं, दोन्ही कोड क्रमाने आले की गाडी नव्याने हिशोब जुळवून घेते. पहिल्या दाबण्याला दार उघडलं नाही आणि दुसऱ्याला उघडलं तर ते बहुतेक याचमुळे.

खिशातून न काढता चालणारी स्मार्ट की तर उलट्या बाजूने काम करते. तुम्ही हँडलला हात लावला की गाडीच कमी फ्रीक्वेन्सीवर "आहेस का?" विचारते, जेमतेम दीड मीटरपर्यंत ऐकू जाईल इतक्याच जोरात, आणि किल्ली रेडिओवर उत्तर देते. मर्सिडीजने १९९८ च्या एस क्लासपासून हे आणलं. गोम अशी की उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळच आहे असं गाडी धरून चालते. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे तपासलं. एक जण किल्लीजवळ, एक जण गाडीजवळ, मध्ये सिग्नल पोचवणारं यंत्र, आणि किल्ली लांब असूनही गाड्या उघडल्या आणि सुरू झाल्या. म्हणून दाराजवळच्या खुंटीला स्मार्ट की टांगू नका, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डबा हातात घेऊन गाडीपाशी जाऊन बघा दार उघडतंय का, उघडलं तर तो डबा उपयोगाचा नाही. नव्या काही गाड्यांत सिग्नल यायला लागलेला वेळच मोजतात, एका नॅनोसेकंदात सिग्नल ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे लांबून आलेलं उत्तर पकडलं जातं.

स्मार्ट कीची बॅटरी अचानक गेली तर घाबरू नका. तिच्या आत एक साधी पात्याची किल्ली दडवलेली असते तिने दार उघडा, मग किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबून सुरू करा (काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, पुस्तिकेत बघून ठेवा), तिथे ती बिनबॅटरीची चिप कामाला येते.

आता हरवल्यावर काय. सर्व्हिस सेंटरला आरसी, ओळखपत्र आणि बहुतेक ठिकाणी पोलिसांकडची हरवल्याची नोंद मागतात, ती काढून ठेवाच कारण उद्या त्या किल्लीने काही झालं तर तारखेचा कागद हातात असतो. गाडी घेताना चाव्यांबरोबर एक छोटी पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी मिळते, तिच्यावर नंबर असतो, त्यावरून दात कापता येतात. ती पट्टी चाव्यांनाच अडकवून फिरणारे लोक मी पाहिलेत, कृपया काढा आणि आजच फोटो काढून ठेवा. मग नवी किल्ली गाडीला "शिकवावी" लागते, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं सॉकेट) स्कॅनर लावून, सुरक्षा कोड टाकून. एक चालू किल्ली हातात असेल तर काम सोपं. दोन्ही गेल्या तर गाडी टो करून न्यावी लागते किंवा माणूस बोलवावा लागतो, किल्ली मागवायला दिवस जातात, आणि काही गाड्यांत कंट्रोल युनिटच काढून उघडावं लागतं. म्हणून दुसरी किल्ली एक उरल्यावर लगेच करा, शून्य झाल्यावर नाही. विम्यात किल्लीचं ॲड-ऑन असतं तेही बघा, शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या ओरिजिनल किल्ल्या मागते, एक कमी असेल तर हरवल्याची ती नोंद तिथेही लागते.

आणि सर्व्हिस सेंटरला एक गोष्ट स्वतःहून सांगा, जुनी किल्ली गाडीच्या मेमरीतून पुसायची. माझ्या बाबतीत मेकॅनिकने आधी सगळ्या पुसल्या, मग उरलेली आणि नवी अशा दोन्ही एकेक करून पुन्हा शिकवल्या, स्कॅनरवर "नोंदलेल्या किल्ल्या २" आलं तेव्हा मी स्क्रीनचा फोटोच काढला. दरवाजाची कुलपं मात्र जुनीच आहेत. हर्णैच्या वाळूतली किल्ली कोणाला सापडलीच तर तिने माझ्या गाडीचं दार अजूनही उघडेल, इंजिन दोन सेकंद चालेल आणि लाल दिवा लुकलुकेल.