प्रोजेक्ट केला की संशोधन केलं?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि प्राध्यापकांच्या हाताखाली केलेलं संशोधन बाहेरून अगदी जुळी भावंडं दिसतात. दोन्हींत गाइड असतो, दोन्हींची सोनेरी अक्षरांची प्रत बांधून घ्यावी लागते, शेवटी व्हायवा होते. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी तर दोन्हींना एकच उत्तर मिळतं, "तिचा प्रोजेक्ट चाललाय." इतके दिवस तेवढ्यावर भागायचं. आता चार वर्षांची पदवी आली आणि चौथं वर्ष घ्यायचं की नाही हे याच फरकावर ठरायला लागलं.

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० क्रेडिटची आहे. 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचं संशोधन करावं लागतं. संशोधन नको असेल, तर तेवढ्याच क्रेडिटचे तीन जादा विषय घेऊन साधी ऑनर्स मिळते. म्हणजे कागदावर संशोधनाचं वजन तीन पेपरांएवढं. प्रत्यक्षात ते तसं वागत नाही, हे चौथ्या वर्षी पोचलेला कोणीही सांगेल.

ओळखायची खूण सोपी आहे. गाइडना उत्तर आधीच ठाऊक आहे का? असेल तर तो प्रोजेक्ट.

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं पाणी घ्या. बी.एस्सी.ची मुलं त्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजतात. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, जागेवरच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाण्यात जवळजवळ काहीच नाही. मग लॅबमध्ये आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन, आणि स्टार्चचा निळा रंग उडाला की ब्युरेटचं रीडिंग. (या नदीत मगरी आहेत, शहराच्या ऐन मध्यात. तेव्हा नमुना पुलावरून दोरीने भांडं सोडून घ्यायचा, काठावर उतरून नाही.) ही पद्धत शिकणं, आकडे तक्त्यात भरणं, 'नदीप्रदूषण : एक अभ्यास' असं नाव देणं, हा झाला प्रोजेक्ट. त्यात कमीपणा काही नाही. हात बसल्याशिवाय पुढचं जमतच नाही.

आता प्रश्न बदला. पावागडाकडून येणारी ही नदी शहरात शिरताना आणि शहर सोडताना तिच्यातल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक पडतो? समजा, शहराच्या खालच्या अंगाला ऑक्सिजन वरच्यापेक्षा जास्तच आला. सांडपाणी मिसळल्यावर जास्त? प्रोजेक्टवाला मुलगा इथे रीडिंग 'बसवतो'. अपेक्षित आकडा काय यायला हवा ते बघून उलटं गणित करण्याची कला आपल्याकडे पहिल्या वर्षापासूनच अंगी मुरते, आणि प्रयोगाच्या जर्नलवर सही मिळवायला ती पुरतेही. संशोधनात मॅडम वहीकडे बघतात आणि विचारतात, "बाटली किती वाजता भरलीस?" वरचा नमुना सकाळी आठला, खालचा दुपारी दोनला. ऊन चढलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारचा आकडा फुगतो. फरक जागेचा होता की वेळेचा, ते या वहीतून कळणार नाही. मग दोघी जणी एकाच वेळी दोन पुलांवर उभ्या राहतात आणि सगळं पुन्हा होतं. चुकलेल्या पहिल्या फेरीचे आकडे खोडायचे नाहीत, वहीत तसेच ठेवायचे. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये अशा पानाला जागाच नसते.

हे फक्त प्रयोगशाळेचं आहे असं समजू नका. बडोद्याच्याच तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघायला इतिहासाची आणि फाइन आर्ट्सची मुलं जातात. एकोणिसाव्या शतकातला मराठी दिवाणाचा हा वाडा आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतींवर कृष्णकथा आहेत, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे. वाड्याची माहिती, चार फोटो आणि 'कलेचा अमूल्य ठेवा' हे वाक्य, एवढ्यावर प्रोजेक्ट उभा राहतो. त्याच भिंतीसमोर सरांनी विचारलं, "पौराणिक प्रसंगातल्या राजांच्या डोक्यावर काय आहे, मुकुट की त्या काळची पगडी?" तर मुलीला प्रत्येक चित्रासाठी एक ओळ असलेला तक्ता करावा लागतो. कुठली भिंत, कुठला प्रसंग, कोणाच्या डोक्यावर काय. पगडी कशाला म्हणायचं आणि पागोटं कशाला, हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं, नाहीतर शेवटच्या भिंतीपर्यंत व्याख्याच सरकलेली असते. रंग उडालेल्या चेहऱ्यांसाठी 'दिसत नाही' असा वेगळा रकाना हवा. मला विचाराल तर संशोधनाचा निम्मा प्रामाणिकपणा त्या रकान्यात असतो.

गाइडचं कामही त्यामुळे बदलतं. प्रोजेक्टला विषय, मुदत आणि सही दिली की संपलं. संशोधनात दर आठवड्याला भेट, वही तपासणं आणि मुलाला अडकू देणं आलं. एका प्राध्यापकाला असे किती विद्यार्थी झेपतील? म्हणूनच 'आमच्याकडे सगळ्यांना रिसर्च' अशी जाहिरात दिसली की मी सावध होतो.

चौथ्या वर्षापर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिन्यांची. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालत आली आहे. माणसांच्या मुलाखती किंवा तपासण्या असतील तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. ती मागाहून मिळत नाही.

ज्याला तिसऱ्या वर्षानंतर एमबीए किंवा स्पर्धा परीक्षेकडे जायचं आहे, त्याने नीटनेटका प्रोजेक्ट करून १२० क्रेडिटवर बाहेर पडावं. ज्याला पुढे पीएच.डी.चा विचार आहे त्याने मात्र पाचव्या सेमिस्टरलाच प्राध्यापकांच्या खोलीचं दार वाजवावं. "सर, काही काम असेल तर द्या" असं म्हणून नव्हे. त्यांचा एखादा पेपर वाचून, त्यातलं न कळलेलं एक वाक्य अधोरेखित करून न्यावं.