तळ्यातली क्रॅपी आणि रात्रीचा दिवा

अमेरिकेतल्या राज्यांचे मत्स्य विभाग तळेमालकांना क्रॅपीबद्दल वर्षानुवर्षे एकच सल्ला देत आले आहेत: लहान तळ्यात ही मासळी सोडू नका. तरीही दक्षिणेकडच्या आणि मध्य-पश्चिमेच्या राज्यांत ती शेततळ्यांत जागोजाग सापडते, आणि उन्हाळ्यात रात्री दिवा लावून गळाने पकडली जाते. तळ्याचा विचका करणारी आणि दिव्याखाली फसवणारी खोड मात्र एकच आहे. क्रॅपी थव्याने अधांतरी तरंगत राहते आणि पाण्यातले बारीक खाद्य टिपते.

सनफिशच्या कुळातल्या या मासळीच्या दोन जाती आहेत. काळीला स्वच्छ, पाणवनस्पती असलेले पाणी मानवते. पांढरी गढूळ पाण्यातही तग धरते. दोघींचे मूळ घर पूर्व आणि मध्य अमेरिकेतल्या नद्या, सरोवरे आणि पुराचे पाणी साचणारे डोह. मिसिसिपी आणि इलिनॉय नद्यांचा पूर ओसरला की काठच्या खळग्यांत लाखो मासे अडकून मरत. 1871 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य आयोगाने हे मासे उपसून वाटायला सुरुवात केली. इलिनॉयमधले क्विन्सी हे त्या कामाचे मोठे केंद्र होते. पकडलेले मासे कॅनमध्ये भरून, आयोगाच्या खास रेल्वे डब्यांतून दूरदूरच्या राज्यांत जात आणि अर्ज करणाऱ्याला फुकट मिळत. बास, ब्लूगिल, कॅटफिश आणि क्रॅपी असे सरमिसळ वाटप चाले. कोणत्या पाण्यात काय टिकेल, हा हिशोब तेव्हा फारसा कोणी करत नव्हते.

1930 च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी चित्र बदलले. 1935 मध्ये मृदा संधारण सेवा उभी राहिली आणि ओघळीवर मातीचा बांध घालून पाणी अडवायला शेतकऱ्याला तांत्रिक मदत व पैसा मिळू लागला. हेतू होता धूप थांबवण्याचा आणि गुरांना पाणी पुरवण्याचा. मासे हा वरचा लाभ. पण एक-दोन एकरांच्या अशा असंख्य तळ्यांत सोडायचे काय?

उत्तर अलाबामातल्या ऑबर्न येथे मत्स्यशास्त्रज्ञ एच. एस. स्विंगल यांनी शोधले. त्यांची पद्धत रांगडी होती: तळे पूर्ण रिकामे करायचे, एकूण एक मासा मोजायचा आणि वजन करायचा. त्यातून शिकारी लार्जमाउथ बास आणि त्याचे भक्ष्य ठरणारी ब्लूगिल ही जोडी ठरली. खत दिलेल्या तळ्याला एकरी साधारण 100 बास आणि 1000 ब्लूगिल, हे प्रमाण पुढे अनेक राज्यांनी उचलले. क्रॅपी या हिशोबात बसली नाही.

कारण विणीच्या वेळापत्रकात आहे. ब्लूगिल उन्हाळाभर पुन्हापुन्हा विते, त्यामुळे बासच्या पिलांना सतत इवलीशी शिकार मिळते. क्रॅपी वसंतात, पाणी 16 ते 20 अंश सेल्सिअसला आले की, एकदाच विते. हा मुहूर्त बासच्या आसपासचा किंवा थोडा आधीचा, म्हणून बासची पिले शिकारीला लागेपर्यंत क्रॅपीची पिले त्यांच्या तोंडात मावेनाशी होतात. मोठी मादी लाखभर अंडी घालू शकते. अनुकूल वर्षी सगळीच पिले जगली की त्यांचा लोंढा प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) फस्त करतो, बासची पिलेही खातो आणि चार-पाच इंचांवर खुंटतो. पुढच्या वर्षीची स्वतःचीच पिले या टोळीच्या तोंडी जातात, म्हणून दोन-तीन वर्षे नवी भर जवळपास नसते. मग टोळी म्हातारी होऊन मेली की पुन्हा लोंढा. चिलापी शिरलेले शेततळे ज्याने पाहिले आहे, त्याला हा खुंटलेला गर्दीचा मासा ओळखीचा वाटेल. रोहू-कटला-मृगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, म्हणून आपल्याकडे त्यांच्याबाबत हा प्रश्न सहसा येत नाही.

सल्ला असूनही क्रॅपी तळ्यात येते ती बहुधा बादलीतून. मोठ्या जलाशयावर पकडलेली चार मासोळी कोणीतरी हौसेने घरच्या तळ्यात सोडतो. पुढे विरळणी करावीच लागते आणि तिथे रात्रीची मासेमारी कामी येते.

कॅन्ससमधल्या विचिटा येथील कोलमन कंपनीने 1914 मध्ये बाहेर न्यायची मँटलची गॅसबत्ती बाजारात आणली. अशा बत्त्या होडीच्या काठावर टांगून क्रॅपी पकडणे पुढे रूढ झाले. नंतर थर्मोकोलवर बसवलेले मोटारीचे 12 व्होल्टचे दिवे पाण्यावर तरंगू लागले, मग पाण्यात सोडायच्या हिरव्या उजेडाच्या नळ्या आल्या आणि आता एलईडी. तत्त्व तेच आहे. उजेडाकडे प्लवक गोळा होते, प्लवकामागे बारीक मासोळी आणि तिच्यामागे क्रॅपी. तिचे डोळे मोठे, कल्ल्यांतली चाळण बारीक. कमी उजेडात खाण्यासाठीच घडवल्यासारखी.

तळ्यावर दिवा बांधाच्या बाजूला, खोल पाण्याजवळ आणि बुडवलेल्या फांद्यांच्या कडेला लावावा. तोही अंधार पडण्याआधी, आणि मग हलवू नये. प्लवक, मासोळी, क्रॅपी ही साखळी जमायला तासभर लागतो. 4 ते 6 पौंड ताण सोसणारा तंगूस (गळाची दोरी), 4 नंबरचा बारीक तारेचा गळ, त्याच्या फूटभर वर शिशाचा एक मणी आणि बोटाएवढे सडपातळ बूच. आमिष दीड-दोन इंचांची जिवंत मासोळी, पाठीच्या परापाशी कातडीतून ओवलेली. बारीक तारेचा गळ फांदीत अडकला तर ओढल्यावर सरळ होऊन सुटतो. जाड गळ तंगूस तोडतो.

नवखे लोक आमिष तळाशी सोडतात आणि रात्र फुकट घालवतात. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी थरांत विभागते आणि खालच्या थरात प्राणवायू उरत नाही, त्यामुळे तिथे मासाच नसतो. गळाच्या काठ्यांची आमिषे 3, 5 आणि 7 फूट खोल सोडून कोणती खोली चालते ते पाहावे. क्रॅपी वर पाहून खाते, म्हणून आमिष थव्याच्या किंचित वरच हवे. ती आमिष घेऊन वर आली की शिशाचा भार उचलला जातो आणि बूच बुडण्याऐवजी आडवे पडते. हीच ओढ समजावी. झटका देऊ नये. तोंडाचा पडदा कागदासारखा पातळ असतो, फाटला की मासा गेला. मनगट उचलावे आणि शेवटी जाळीने घ्यावे. आमिषाच्या बादलीत नळाचे क्लोरीनचे पाणी नको. रात्रीही पाणी तापलेले असेल तर हवेचा पंप हवाच. विरळणीसाठी पकडत असाल तर चार-पाच इंची एकही मासा परत सोडू नये. दिवा आणि काठ्यांची संख्या यांचे नियम राज्यागणिक वेगळे असतात, ते आधी बघावेत.

2018 मध्ये टेनेसीतल्या एका तळ्यात सुमारे अडीच किलोची काळी क्रॅपी सापडली. ती खरोखर काळीच आहे का, याची जनुकीय तपासणी झाली आणि जागतिक विक्रम नोंदला गेला. म्हणजे तळ्यात मोठी क्रॅपी होऊच शकत नाही असे नाही. गर्दी होऊ न देणे अवघड आहे. त्यावर मिसिसिपीच्या मत्स्य विभागाने वेगळा मार्ग काढला: पांढरी मादी आणि नाकावर काळा पट्टा असलेल्या काळ्या जातीचा नर यांचा संकर, आणि अंड्यांवर दाब देऊन घडवलेली वंध्य पिले. ‘मॅग्नोलिया क्रॅपी’ या नावाने ती ओळखली जाते. ती वीत नसल्याने लोंढा येत नाही. पकडलेल्या माशांची जागा भरायला मात्र दर काही वर्षांनी नवी पिले सोडावी लागतात, आणि अशा तळ्यात दिव्याखाली आलेला लहान मासा ठेवायचा नसतो, सोडायचा असतो.