पार्श्वभूमी : नऊ इंचांचा चौकोन, चित्र की शिल्प?

सांगलीत नुकत्याच झालेल्या एका स्थानिक कलाप्रदर्शनात प्लायवूडची एक छोटी पेटी आली होती. नऊ इंच लांब, नऊ इंच रुंद, दोन इंच खोल. समोरची बाजू पांढरी, ब्रशचा माग न दिसणारी. रंग होता तो फक्त चार कडांवर, हळदीसारखा पिवळा. पेटी भिंतीला लावली आणि बाजूच्या खिडकीतून ऊन आले, की कडेचा पिवळा मागच्या पांढऱ्या भिंतीवर उतरतो आणि तिथे फिकट पिवळी झाक दिसू लागते. ती झाक कुणी रंगवलेली नाही, तरी अर्धी कलाकृती तीच आहे.

आयोजकांनी पेटी रंगचित्र विभागात घेतली. त्या विभागात चौकट सक्तीची. चौकट बसली, कडा झाकल्या गेल्या, भिंतीवरचा पिवळा नाहीसा झाला आणि पांढरा चौकोन तेवढा उरला. ‘यात बघायचं काय?’ असे लोक विचारत होते. त्यांचे चुकले नव्हते, बघायचे तेच आत गेले होते. शिल्प विभागात घेतली असती तर स्टँडवर आडवी ठेवावी लागली असती, म्हणजे भिंतच गेली असती. नियम वाईट हेतूने केलेले नाहीत. जलरंगाचा कागद चौकटीशिवाय टांगला तर आठवड्यात वाकतो, हे प्रदर्शन लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण इथे नियमाने कामच मोडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा पेच सांगलीत जन्मलेला नाही. 1960 च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये अनेक चित्रकार कॅनव्हासमधून बाहेर पडत होते. फ्रँक स्टेलाने चित्राची मागची लाकडी चौकट मुद्दाम जाड केली, त्यामुळे चित्र भिंतीपासून सुटून वस्तूसारखे पुढे आले. डोनल्ड जडही मुळात चित्रकार. 1963 मध्ये त्याने लाकडी कामे थेट जमिनीवर मांडली, तीही भडक अशा कॅडमियम लाल रंगात. लालच का, तर त्या रंगात वस्तूच्या कडा सर्वांत धारदार दिसतात, असे त्याचे म्हणणे. काळ्यात कडा हरवतात, पांढऱ्यात वस्तू लहान भासते. म्हणजे रंग सजावटीला नव्हता, आकार नेमका करण्यासाठी होता. 1965 च्या लेखात त्याने लिहिले, की अलीकडच्या उत्तम कामांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त कामे ना चित्र आहेत ना शिल्प. अशा कामांना त्याने साधे नाव दिले : विशिष्ट वस्तू.

अशा मोजक्या आकार-रंगांच्या कामांना चिकटलेला ‘मिनिमल आर्ट’ हा शब्द त्याचा नव्हे. तो त्याच वर्षी एका ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या लेखातून रूढ झाला आणि जडला तो कधीच आवडला नाही. मराठीत त्याचे ‘अल्पतमवाद’, ‘किमानवाद’ असे प्रतिशब्द होतात, पण दोन्हींतून कमीपणाच आधी ऐकू येतो, जणू कलावंताने हात आखडता घेतला. वर्गात मुले सरळ ‘मिनिमल’ म्हणतात, ते बरे. 1967 मध्ये एका समीक्षकाने या वस्तूंवर कडाडून टीका केली : त्या प्रेक्षक खोलीत येण्याची वाट पाहतात, म्हणजे हे नाटक झाले. टीका म्हणून केलेले हे वर्णन सांगलीच्या पेटीला मात्र नेमके लागू पडते. समोर उभे राहिलात तर पांढरा, दोन पावले डावीकडे सरकलात तर पिवळा. सरकणारा माणूस तिला हवाच.

वर्गवारीचा झगडा तर याहून जुना. 1926 मध्ये शिल्पकार ब्रँकुझीचा ब्राँझचा ‘अवकाशातील पक्षी’ न्यूयॉर्क बंदरात उतरला, तेव्हा कस्टमने त्याला कलाकृती मानायला नकार दिला आणि स्वयंपाकघर व रुग्णालयाच्या धातूसामानात घालून 40 टक्के कर लावला. 1928 मध्ये न्यायालयाने ब्रँकुझीच्या बाजूने निकाल दिला. पण 2010 मध्ये युरोपीय आयोगाने अमेरिकन कलावंत डॅन फ्लेव्हिनच्या ट्यूबलाइटच्या कामाला पुन्हा दिव्यांच्या सामानात टाकलेच.

आपल्याकडे 1963 मध्येच दिल्लीत ‘ग्रुप 1890’ या कलावंतांच्या गटाचे एकमेव प्रदर्शन झाले. त्यातले जेराम पटेल त्या सुमारास लाकडी फळी ब्लो-टॉर्चने जाळून काम करत होते. भिंतीवर टांगायचे म्हणून ते चित्र, पण त्यातला काळा रंग लावलेला नाही, जाळून काढलेला आहे.

आणखी मागे गेले तर शब्दच उलटा होतो. दक्षिणेतल्या जुन्या शिल्पग्रंथांत सर्व बाजूंनी घडवलेल्या मूर्तीला ‘चित्र’ म्हटले आहे, अर्ध्या उठावाला ‘अर्धचित्र’ आणि भिंतीवर किंवा कापडावर रंगवलेल्याला ‘चित्राभास’. म्हणजे आपण आज ज्याला चित्र म्हणतो, तो त्या हिशेबात नुसता आभास. पेटी चित्र विभागात घेणाऱ्यांच्या बाजूने एवढा एक मुद्दा नक्की आहे, त्यांनी तो मांडला नाही एवढेच. 1857 नंतर मुंबईच्या कलाशाळेतून आलेल्या शिक्षणात चित्र आणि शिल्प यांचे वर्ग वेगळे झाले आणि प्रदर्शनांचे विभागही तसेच पडले.

गणपतीच्या कारखान्यात मात्र ही विभागणी कधी पोचली नाही. शाडू वाळला की पांढरा हात, मग अंगाचा रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. घडवणारा आणि रंगवणारा बहुधा एकाच घरातला. बांधावरच्या म्हसोबाला तर नाकडोळेही नसतात. एक गोटा आणि तेलात कालवलेला शेंदूर, वर्षानुवर्षे थरावर थर. त्याला मिनिमल म्हणणे मला पटत नाही, कारण तो बघण्यासाठी नाही, पुजण्यासाठी आहे. पण रंग दगडाचाच भाग होऊन बसतो, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी चौकट काढून पेटी खिडकीजवळच्या खिळ्याला लावली गेली. तासभर पिवळा भिंतीवर होता. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत ‘चौकट’ या शब्दाआधी ‘आवश्यक असल्यास’ एवढे दोन शब्द घालावेत, असे पत्र काही कलाशिक्षकांनी आयोजकांना दिले आहे. त्यावर निर्णय व्हायचा आहे.