जवान परदेशी मोहिमेवर जाण्याआधी: पत्ता, मुखत्यारपत्र आणि मताचा फॉर्म

गणपतीच्या सुट्टीत आलेला मुलगा सांगतो, "पुढच्या महिन्यात लेबनॉनला चाललोय, वर्षभरासाठी." लगेच घरात विषय निघतो तो फोनचा. फोन लागतो, त्याची काळजी करू नका. माझे यजमान शांतिसेनेत तिकडे होते तेव्हा जेवणं उरकली की व्हिडिओ कॉल व्हायचा आणि मुलगी त्यांना अंगणातली मांजरं दाखवायची. आमचं अडलं ते सहीपाशी. सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटणीपत्रावर चार भावांच्या सह्या हव्या होत्या. तीन झाल्या, चौथीसाठी दस्त आठ महिने पडून राहिला. सुट्टीतल्या दोन दिवसांत होणारं काम होतं ते. तेव्हापासून वाडीतलं कोणी मोहिमेवर निघालं की मी आधी जाऊन कागदांचं विचारते.

भारताची बटालियन लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत १९९८ पासून आहे. काँगो आणि दक्षिण सुदानमध्येही आपले जवान गेलेले आहेत. कुटुंब सोबत नेता येत नाही, त्यामुळे पुढची सगळी कामं गावातल्या माणसालाच करायची असतात.

पत्राचा पत्ता

पाकिटावर देशाचं किंवा गावाचं नाव लिहू नका. जवानाचा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, त्याखाली "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ" (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय) यांपैकी जे त्याने दिलं असेल ते, आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. ५६ ची टपाल दिल्लीहून पुढे जाते, ९९ ची कोलकात्याहून. पत्ता जाण्याआधी त्याच्याच हातून वहीत लिहून घ्या. पिनमधला एक आकडा चुकला तरी पत्र फिरत राहतं. आंबापोळी, कोकम पाठवायचं असेल तर तिकडे चालतं का हे आधी त्याला विचारा.

मोहिमेच्या काळात बाळ झालं तर

फोटो मिनिटात पोचतो, पण जवानाच्या सेवा नोंदीत बाळाचं नाव आपोआप चढत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करा आणि दाखल्याची प्रत युनिटला पाठवा. त्यावरून 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे सेवा नोंदीत ती माहिती चढवणारा युनिटचा आदेश, निघते. लग्नाची नोंदही अशीच होते. पुढे पेन्शन आणि उपचार यांची वेळ येते तेव्हा कार्यालयं याच नोंदीकडे बघतात. पत्नीचं नाव आधार, बँक आणि सेवा नोंद या तिन्ही ठिकाणी एकसारखं आहे ना, हेही त्याच सुट्टीत तपासा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, हा घोळ आपल्याकडे फार घरांत असतो.

मुखत्यारपत्र

सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र देण्याऐवजी ठरावीक कामापुरतं खासमुखत्यारपत्र द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भावाभावांत आज गोडी असली तरी कागदात मोघमपणा नको. गट नंबर किंवा सर्व्हे-हिस्सा नंबर, क्षेत्र आणि कोणत्या कामासाठी अधिकार दिला, हे सगळं त्यात उतरलं पाहिजे. सोबत चालू सातबारा, आठ-अ, दोघांची ओळखपत्रं आणि फोटो ठेवा.

वाटणीपत्र किंवा खरेदीखत जवानाच्या वतीने नोंदणीला सादर करायचं असेल, तर जवान इथे असताना केलेलं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडूनच साक्षांकित करून घ्यावं लागतं. नुसत्या नोटरीवर भागत नाही. आमची चूक नेमकी इथे झाली होती. जवान निघून गेला असेल तर तो तिथल्या भारतीय दूतावासात सही करून कागद पाठवू शकतो. मात्र तो कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा.

मत

जवान युनिटमार्फत फॉर्म २ भरून 'सेवा मतदार' होतो आणि त्याचं नाव मूळ गावाच्या मतदारसंघातल्या यादीच्या शेवटच्या भागात येतं. एकाच वेळी गावच्या साध्या यादीत आणि सेवा यादीत नाव ठेवता येत नाही. पत्नी त्याच्यासोबत राहत असेल तर तीही सेवा मतदार होऊ शकते. गावी राहत असेल तर तिने नेहमीसारखा फॉर्म ६ भरायचा.

मत देण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यातला एकच निवडता येतो. पहिला टपाली: मतपत्रिका जवानाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते, ती छापून, भरून टपालाने परत करायची. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती पोचली नाही तर मत गेलं. परदेशातून हे जिकिरीचं होतं, म्हणून मला दुसरा मार्ग बरा वाटतो. तो म्हणजे घरच्या माणसाला प्रतिनिधी नेमण्याचा. असा जवान यादीत 'वर्गीकृत सेवा मतदार' म्हणून दाखवला जातो.

प्रतिनिधी १८ वर्षांवरचा आणि त्याच मतदारसंघात राहणारा हवा. त्याचं नाव मतदार यादीत असलंच पाहिजे असं नाही, पण तो मतदार होण्यास अपात्र नसावा. यासाठी फॉर्म १३ एफ लागतो. जवान सुट्टीत गावी असेल तर दोघांनीही नोटरी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सह्या करायच्या. तो मोहिमेवर असेल तर तो कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून फॉर्म घरी पाठवतो आणि प्रतिनिधी इथे नोटरीसमोर सही करतो. मग फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा, तोही उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याआधी.

आपल्याकडे इथे एक गफलत होते. दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला ते रायगडमध्ये मोडतात. त्यामुळे लोकसभेचा फॉर्म घेऊन रत्नागिरीला जाऊ नका.

नेमणूक रद्द होईपर्यंत चालते. माणूस बदलायचा असेल तर फॉर्म १३ जी भरायचा. मतदानाच्या दिवशी प्रतिनिधी आपलं मतही देतो आणि जवानाचंही. जवानाच्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात. आमच्या सासूबाईंनी ती दोन्ही बोटं कॉलवर लेकाला उंच धरून दाखवली होती.

घरात अचानक काही झालं तर

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी वाडीतले म्हातारे अजून "तार कर" म्हणतात. आता फोन युनिटच्या मागे राहिलेल्या कार्यालयाला करायचा आणि सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवायचं. तोंडी निरोपावर थांबू नका. डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र, आजारी माणसाचं जवानाशी नातं आणि सैनिक क्रमांक लगेच पाठवा. हे दोन्ही फोन नंबर मोबाइलमध्ये असतातच, पण पावसात लाईट जाते, चार्जिंग संपतं. आमच्याकडे ते देवघराच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत.