शांती सौंदराजन प्रशिक्षक झाल्या, त्यामागचा इतिहास

महिला खेळाडू खरंच बाई आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत जुनी आहे. 1966 च्या बुडापेस्टमधल्या युरोपीय स्पर्धेत धावपटू मुलींना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभं केलं गेलं. 1968 पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रं तपासू लागले. सरसकट चाचण्या 1990 च्या दशकात बंद झाल्या, पण संशय आला की तपासायचं, ही वाट उघडीच राहिली.

त्या वाटेवर शांती सौंदराजन सापडल्या. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातलं दलित कुटुंब, आईवडील वीटभट्टीवर मजूर. डिसेंबर 2006 मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवलं. लगेच चाचणी झाली, पदक काढून घेतलं गेलं आणि एका मुलीच्या शरीराची चर्चा टीव्हीवर सुरू झाली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या शांती यांनी स्वतःला कायम बाईच मानलं; शरीरातला जन्मजात वेगळेपणा म्हणजे फसवणूक नव्हे. त्या वेळी त्यांच्या बाजूने ॲथलेटिक्स संघटनेतलं कुणी ठामपणे उभं राहिलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

तमिळनाडू सरकारने मात्र जाहीर केलेलं 15 लाखांचं बक्षीस दिलं. शांती यांनी त्यातून गावाकडच्या पोरांसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं, तेही फुकट. स्वतःला धावायची बंदी आणि हातात शिट्टी! पैसे संपले, तात्पुरती नोकरी टिकली नाही, आणि 2012 मध्ये त्या दिवसाला सुमारे 200 रुपयांवर वीटभट्टीत राबताना दिसल्या. बातम्या आल्यावर बंगळुरूला प्रशिक्षकाची पदविका करण्याची संधी मिळाली. राज्याच्या क्रीडा प्राधिकरणात कायम नोकरी मिळेपर्यंत पदकाला जवळपास दहा वर्षं झाली होती.

मधल्या काळात ओडिशाची धावपटू द्युती चंद क्रीडा लवादात, म्हणजे खेळातले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली आणि महिला खेळाडूच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या हार्मोनवर मर्यादा घालणाऱ्या नियमांना 2015 मध्ये स्थगिती मिळाली. पुढे नियम नव्या रूपात आले आणि 2025 पासून ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धांच्या महिला गटासाठी जनुकीय चाचणी सक्तीची झाली. जिल्ह्याच्या मैदानावर पहाटे सरावाला येणाऱ्या मुलीला हे सगळं आधी समजावून सांगायचं काम तिच्या प्रशिक्षकाकडेच येतं. हे काम शांती यांच्याइतकं जवळून जाणणारी माणसं त्या पदांवर फार थोडी आहेत.